पत्ता लिहा तो बदली पोस्टमनसाठी

पोस्टमन आपल्याला दिसतो तो जेमतेम अर्धा मिनिट. बेल वाजते, पाकीट हातात येतं, सही होते आणि तो जिना उतरायला लागतो. त्यामुळे टपाल मिळालं तर त्याचं श्रेय आणि नाही मिळालं तर त्याचा दोष, दोन्ही आपण त्या अर्ध्या मिनिटाच्या नावावर टाकून मोकळे होतो. पण पोस्टमनचा सगळा दिवस नीट पाहिला तर कळतं की पत्र पोचणार की परत जाणार याचा बराचसा निकाल तो सायकल किंवा मोटारसायकल बाहेर काढण्याआधीच, पोस्टातल्या टेबलावर लागलेला असतो. त्या टेबलापाशी आपण नसतो; आपली बाजू मांडायला तिथे पाकिटावरच्या चार-पाच ओळी तेवढ्या असतात. त्या ओळी कुणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहायच्या, हा इथला प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की आपल्याला नावानिशी ओळखणाऱ्या पोस्टमनसाठी पत्ता लिहायची गरजच नसते. तो लिहायचा तो त्याच्या रजेच्या दिवशी त्याच्या जागी आलेल्या, आपल्या गल्लीत पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या बदली माणसासाठी. घराची पाटी, जिन्याखालची टपालपेटी, फाटकावरचा नंबर हेही त्याच माणसासाठी लावायचं.

आधी त्याची सकाळ पाहू. रात्रीच्या गाडीने किंवा पहाटेच्या टपालमोटारीने आलेल्या थैल्या पोस्टात उतरतात. थैल्या फोडल्या जातात. स्पीड पोस्ट, पार्सल असा नोंदणीचा माल यादीशी ताडून एकीकडे जातो, साधं टपाल दुसरीकडे. मग सुरू होते छाननी. पोस्टाचा सगळा इलाका बीटमध्ये वाटलेला असतो, एका बीटला एक पोस्टमन. साधं टपाल आधी बीटनुसार वेगळं होतं, म्हणजे अमुक पेठ एका खणात, तमुक सोसायट्या दुसऱ्या खणात. आपल्या खणातला गठ्ठा घेऊन पोस्टमन टेबलाशी बसतो आणि तो चालण्याच्या क्रमाने लावतो. हे काम एकदा जवळून पाहावं. डाव्या हाताच्या पंजावर पाकिटांची चवड उभी धरलेली, उजव्या हाताचा अंगठा एकेक पाकीट पुढे सारतो आहे, आणि प्रत्येक पाकिटावर नजर एखाद-दोन क्षण टिकते, त्याहून जास्त नाही. तेवढ्यात गल्ली, इमारत, मजला ठरला पाहिजे. ठरला तर पाकीट गठ्ठ्यात आपल्या जागी बसतं. नाही ठरला तर ते बाजूला पडतं, सगळं लावून झाल्यावर पुन्हा हातात येतं, शेजारच्या बीटवाल्याला दाखवलं जातं, आणि तोही मान हलवतो तेव्हा त्यावर अपुऱ्या पत्त्याचा शेरा पडायची वेळ येते. गठ्ठा लावून झाला की नोंदणीच्या वस्तू मोजून ताब्यात घ्यायच्या, मोबाइलवरच्या पोस्टमन अॅपमध्ये त्या आपल्या नावावर आल्याची खात्री करायची आणि मग बाहेर पडायचं. परत आल्यावर हिशेब: काय दिलं, काय परत आणलं, परत का आणलं, पैसे घेऊन द्यायच्या पार्सलांची रक्कम किती. दुपारी आपल्या दारात दिसतो तो या दिवसाचा मधला तुकडा.

या छाननीत एक गोष्ट अशी घडते जी पत्ता लिहिणाऱ्याच्या कधी ध्यानात येत नाही. आपण पत्ता वरून खाली लिहितो, नाव आधी आणि पिन कोड शेवटी. टपाल खातं तो खालून वर वाचतं. पत्र जिथून निघतं तिथे पिन कोडचे सुरुवातीचे अंक पाहिले जातात, पोचतं तिथे शेवटचे. बीट ठरवणारा माणूस वस्तीचं किंवा पेठेचं नाव वाचतो. बीटचा पोस्टमन इमारत आणि घरनंबर वाचतो. नावाकडे नजर जाते ती अगदी शेवटी, बहुतेक वेळा जिन्यात किंवा पेटीपाशी. म्हणजे ज्या ओळीवर आपण सगळ्यात जास्त शाई आणि आदरार्थी विशेषणं खर्च करतो ती सगळ्यांत उशिरा कामाला येते, आणि जी आपण घाईने कोपऱ्यात कोंबतो तिच्यावर पाकिटाचा सगळा प्रवास अवलंबून असतो. यातून लिहिण्याचा साधा नियम निघतो. प्रत्येक ओळ एका पायरीची असावी, दोन पायऱ्या एका ओळीत कोंबू नयेत, आणि खालच्या ओळी वरच्यांपेक्षा ठळक असाव्यात. अंक सुटे, स्वच्छ, शक्य तर आंतरराष्ट्रीय पद्धतीचे लिहावेत, कारण पाकीट राज्याबाहेर जाणार असेल तर वाचणाऱ्याला देवनागरी अंक येतीलच असं नाही. महाराष्ट्रात मराठीत लिहिलेला पत्ता बिनदिक्कत चालतो, तो तसाच लिहावा. पत्र चेन्नईला किंवा कोलकात्याला जाणार असेल तर निदान शहर, जिल्हा आणि राज्य इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावं. पावसाळ्यात जेल पेन टाळावं. श्रावणसरीत भिजलेल्या थैल्यांतून निघालेल्या पाकिटावर बॉलपेनचा पत्ता टिकतो, जेलचा ओघळतो; पत्त्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा एक तुकडा लावला तर दोन्ही टिकतात.

पिन कोडबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तो आपल्यातले बरेचजण सवयीने लिहितात पण त्याचं काम काय हे पाहत नाहीत. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशात लागू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतचे कवी आणि केंद्राच्या दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी. इतक्या भाषा, इतक्या लिप्या आणि एकाच नावाची इतकी गावं असलेल्या देशात नावावर विसंबून छाननी करणं अशक्य होत चाललं होतं, आणि अंक सगळ्यांना वाचता येतात, हा त्यामागचा विचार. सहा अंकांतला पहिला विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून टपाल कोणत्या छाननी-जिल्ह्याकडे पाठवायचं ते सांगतात, आणि शेवटचे तीन नेमकं बटवडा करणारं पोस्ट. आता महाराष्ट्राच्या नकाशावर कर्जत शोधा. एक रायगड जिल्ह्यात, ४१०२०१. दुसरं अहिल्यानगर जिल्ह्यात, ४१४४०२. खेड शोधा. रत्नागिरीतलं ४१५७०९, पुणे जिल्ह्यातलं म्हणजे राजगुरुनगर ४१०५०५. मालेगाव नाशिकला आहे तसं वाशिमलाही आहे. कळंब धाराशिवला आहे तसं यवतमाळलाही. नुसतं ‘कर्जत, महाराष्ट्र’ लिहिलेलं पाकीट कोणत्या थैलीत टाकायचं याचं उत्तर जगातला सर्वांत हुशार पोस्टमनही देऊ शकत नाही. चुकीचा पिन तर न लिहिलेल्या पिनपेक्षा वाईट. पिनच नसेल तर छाननी करणारा नाव वाचायला थांबतो. चुकीचा असेल तर तो अंकावर विश्वास ठेवून पाकीट भलतीकडे रवाना करतो. जिल्ह्यांची नावं अलीकडे बदलली, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. पिन कोड त्यामुळे बदललेले नाहीत, म्हणून जुनं नाव लिहिणाऱ्या नातेवाइकाचं पत्रही पिन बरोबर असेल तर वाट चुकत नाही. आणि एक खबरदारी: आपला पिन म्हणजे घराजवळच्या पोस्टाचा पिन असं धरून चालू नये. शहरांतली काही पोस्टं नुसती खिडकीची असतात, तिथे पोस्टमनच नसतात. आपला बटवडा कोणत्या पोस्टातून होतो हे पोस्टमनलाच एकदा विचारून घ्यावं आणि बँकेपासून आधारपर्यंत सगळीकडे तोच पिन द्यावा.

गावाकडच्या पत्त्यात अशीच एक जागा आहे जिथे आपण डोळे झाकून लिहितो. ‘मु. पो.’ ही दोन अक्षरं मराठी पत्त्याची खूण झाली आहेत. पण त्यांचा अर्थ ‘मुक्काम आणि पोस्ट, दोन्ही हेच’ असा आहे. ज्या वाडीला स्वतःचं पोस्ट नाही तिच्या नावाआधी मु. पो. लावलं की छाननी करणारा त्या नावाचं पोस्ट शोधत बसतो, आणि दुर्दैवाने त्या नावाचं पोस्ट दुसऱ्या तालुक्यात सापडतंही. वाडीचं नाव मु. पुढे, तिला टपाल पोचवणाऱ्या गावाचं नाव पो. पुढे, मग तालुका, जिल्हा, पिन, असं वेगवेगळं लिहिलं तर हा घोळ होत नाही. एका पिन कोडखाली पुष्कळ शाखा डाकघरं असू शकतात, त्यामुळे गावाकडे ‘पो.’ ही ओळ पिनइतकीच महत्त्वाची. त्याखेरीज वस्ती किंवा मळा लिहावा. गावठाणात न राहता शेतावर राहणाऱ्या कुटुंबांना बदली ग्रामडाकसेवक गावभर शोधत फिरतो आणि कुणीतरी ‘ते मळ्यात असतात’ म्हणेपर्यंत दिवस उलटतो.

नाव शेवटी वाचलं जातं असं वर म्हटलं, पण पत्र नेमकं अडतं ते पुष्कळदा नावावरच. एकाच भावकीची, एकाच आडनावाची गल्ली असते आणि पाकिटावर आद्याक्षरं आणि आडनाव एवढंच. तिथे वडिलांचं किंवा पतीचं नाव पूर्ण लिहिण्याला पर्याय नाही. याहून नाजूक प्रश्न लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचा. पॅन कार्ड माहेरच्या नावावर, बँकेचं खातं सासरच्या, पदवी पहिल्या नावाची आणि नोकरीचा अर्ज दुसऱ्या. दारावरच्या पाटीवर मात्र सासऱ्यांचं किंवा नवऱ्याचं नाव. बदली पोस्टमन माहेरच्या आडनावाचं पाकीट घेऊन येतो, पाटी वाचतो, शेजारी विचारतो, शेजाऱ्यांना सुनेचं माहेरचं आडनाव ठाऊक नसतं, आणि पाकिटावर ‘या नावाचं कोणी राहत नाही’ असा शेरा बसतो. यात त्याने काहीही चूक केलेली नाही. ज्या घरात एका व्यक्तीच्या दोन नावांनी टपाल येऊ शकतं तिथे पेटीवर दोन्ही नावं हवीत, आणि ही गोष्ट घरातल्या पुरुषांनीही मनावर घ्यावी. पत्र परत जातं तेव्हा नुकसान त्या बाईच्या नोकरीचं किंवा परीक्षेचं होतं. भाडेकरू, वसतिगृहातले विद्यार्थी, कंपनीच्या खोलीत राहणारे कामगार यांचंही असंच. पोस्टमनच्या लेखी ती खोली घरमालकाची असते. अशांनी नावाखाली ‘द्वारा’ लिहून घरमालकाचं नाव घातलं पाहिजे, आणि घरमालकानेही ते टपाल परत न पाठवता पोचतं करण्याचा शेजारधर्म पाळला पाहिजे.

आता आक्षेप. पहिला बहुतेक वाचकांच्या मनात आलाच असेल: घर शोधणं हे पोस्टमनचं काम, त्याचा पगार त्याला मिळतो, त्याची मेहनत वाचवायला आम्ही पाट्या का रंगवाव्यात? काम त्याचंच आहे, हे मान्य. चांगला पोस्टमन ते करतोही. वर्षानुवर्षं एकाच बीटवर फिरलेल्या माणसाला कोणत्या घरातली मुलगी पुण्याला शिकते, कोणत्या आजोबांना वरच्या मजल्यावर हलवलंय, कोणतं दुकान कोणत्या नावाने आधी चालायचं, सगळं पाठ असतं. अर्धवट पत्ते पोचतात ते या पाठांतरावर, आणि म्हणूनच आपला अर्धवट पत्ता बरोबर आहे असा आपला गैरसमज होतो. पण हे ज्ञान कुठल्याही वहीत नसतं. ते एका माणसाच्या डोक्यात असतं, आणि तो माणूस आजारी पडतो, रजेवर जातो, त्याची बदली होते, तो निवृत्त होतो. शहरं वाढली की बीटही तोडून नव्याने जोडली जातात. त्या दिवशी गठ्ठा लावणाऱ्याच्या हातात कागदावर जे आहे तेवढंच असतं. तेव्हा इथे कष्ट वाचतात ते त्याचे थोडे आणि आपले फार, कारण परत गेलेल्या पत्रासाठी धावपळ आपल्यालाच करायची असते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. पाकिटावर मोबाइल नंबर असला की झालं, पोस्टमन फोन करेल. आणि आता तर टपाल खात्याचं डिजिपिन आलं आहे, मग या ओळी हव्यात कशाला? मोबाइल नंबर जरूर लिहावा, नोंदणीच्या टपालावर आणि पार्सलवर तर हवाच. पण छाननीच्या टेबलावर कुणी फोन लावत नाही, आणि चुकीच्या पोस्टात गेलेलं पाकीट फोनने जागेवर येत नाही. अनोळखी नंबर न उचलण्याची सवयही आपल्या सगळ्यांना लागली आहे. डिजिपिनची गोष्ट जास्त विचार करण्यासारखी. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राबरोबर ही दहा अक्षर-अंकांची पद्धत तयार केली आणि मे २०२५ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. देशाचा नकाशा सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनाला स्वतःचा संकेत दिला आहे. मळ्यातल्या घराला, डोंगरावरच्या पाड्याला, नंबर नसलेल्या गल्लीतल्या खोलीला हे वरदान ठरू शकेल. आपला डिजिपिन खात्याच्या संकेतस्थळावर काढून जपून ठेवावा, असंच मी सांगेन. मात्र तो जागा सांगतो, माणूस सांगत नाही. सात मजली इमारतीत एकावर एक असलेल्या सात घरांचा चौकोन एकच असतो. मजला, घरनंबर आणि नाव लिहिण्यावाचून तिथेही सुटका नाही. खुणेच्या जागांचंही तसंच. ‘मारुतीच्या देवळामागे’ याने मदत होते, पण तालुक्याला मारुतीची देवळं किती, आणि ‘जुन्या टॉकीजसमोर’ यातलं टॉकीज पाडून किती वर्षं झाली, हे बदली माणसाला कुठून कळणार? खूण पत्त्याच्या जोडीला असावी, पत्त्याच्या जागी नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो: आता टपाल येतंच कुठे? खुशालीची पत्रं कमी झाली, हे खरं. पण जे उरलं आहे त्याची यादी करून पाहा. पासपोर्ट, आधार, पॅन, वाहन परवाना, एटीएम कार्ड, चेकबुक, मतदार ओळखपत्र, विम्याची कागदपत्रं, मुलाखतीचं बोलावणं, न्यायालयाची आणि वकिलाची नोटीस. पत्रं कमी झाली तसं एकेका पाकिटाचं मोल वाढलं. नोटिशीच्या बाबतीत तर गाफीलपणा महागात पडतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टचं कलम २७ सांगतं की योग्य पत्ता घालून, टपालखर्च भरून, रजिस्टर टपालाने पाठवलेली गोष्ट, उलट सिद्ध झालं नाही तर, पोचली असं धरायचं. चेक न वटल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हाच मुद्दा पक्का केला: पाकीट ‘नाकारलं’, ‘घर बंद’ अशा शेऱ्यांनी परत आलं तरी नोटीस बजावली गेली असं गृहीत धरता येतं. ‘मला काही मिळालंच नाही’ हे मग ज्याचं त्याने सिद्ध करत बसायचं. रजिस्टर पाकीट घ्यायला नकार देणाऱ्यांनी आणि घर बदलल्यावर जुन्याच पत्त्यावर कागद येऊ देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

रजिस्टर म्हणताना एक बदल सांगायला हवा. २०२५ पासून रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिळवली गेली. आता स्पीड पोस्ट करताना जादा पैसे भरून नोंदणी मागून घेता येते, आणि तशी नोंदणी असेल तर पाकीट ज्याच्या नावाचं त्याच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हातातच द्यायचं असतं. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट मिळेल अशीही सोय मागता येते. म्हणून घरातली दोघंही कामाला जात असतील, किंवा वृद्ध आई-वडील एकटेच असतील, तर आपलं टपाल कुणाला द्यायचं याचं लेखी पत्र पोस्टमास्तरांच्या नावे देऊन ठेवावं. दारात कुणी नसेल तर पोस्टमन सूचना-चिठ्ठी ठेवतो आणि वस्तू साधारण सात दिवस पोस्टात थांबते, मग पाठवणाऱ्याकडे परत. सात दिवस पुष्कळ वाटतात. त्यातले रविवार आणि सुट्ट्या वजा केल्या की उरतात ते थोडे. चिठ्ठी दिसली की दुसऱ्याच दिवशी ओळखपत्र घेऊन जावं. साध्या टपालासाठी तळमजल्यावर नाव आणि घरनंबर लिहिलेली पेटी असावी. सोसायटीने एकाच रांगेत, पावसाचं पाणी न लागणाऱ्या भिंतीवर, क्रमाने पेट्या लावल्या तर पोस्टमनची पाच मजल्यांची चढउतार वाचते आणि पाकिटं जिन्याच्या कठड्यावर पडून राहत नाहीत. कुत्रा असेल तर पोस्टमनच्या येण्याच्या वेळेला तो बांधलेला असावा, यावर काही चर्चा नको.

घरात माणसं असताना ‘दार बंद’ असा शेरा पडतो, ही तक्रारही खोटी नाही. गठ्ठा जड, ऊन तापलेलं, चौथा मजला आणि लिफ्ट बंद, अशा दुपारी असं घडतं आणि ते चूकच आहे. सगळा दोष पत्ता लिहिणाऱ्यावर ढकलणं हा या लेखाचा हेतू नाही. पण रागावण्यापेक्षा नोंद कामाला येते. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: आधी दोन अक्षरं, मग नऊ अंक, शेवटी देशाचं आयएन. तो खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की पाकीट कधी बटवड्याला निघालं आणि कोणत्या वेळी कोणता शेरा पडला ते दिसतं. ती वेळ लिहून घेऊन आधी आपल्या पोस्टात पोस्टमास्तरांना भेटावं, आणि दाद लागली नाही तर १८०० २६६ ६८६८ या विनाशुल्क क्रमांकावर किंवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. तारीख, वेळ आणि क्रमांक असलेली तक्रार कुणाला झटकता येत नाही. ‘तुमचा पोस्टमन येतच नाही’ ही येते. पाठवणाऱ्यानेही पावती जपावी, आणि पाकिटाच्या डाव्या कोपऱ्यात आपला पत्ता घालावा. पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेलं, न पोचलेलं पत्र परत येण्याऐवजी न पोचलेल्या टपालाच्या कार्यालयात जाऊन पडतं.

गावाकडे ही सगळी गणितं वेगळ्या वेळापत्रकावर चालतात. देशातली दीड लाखाहून जास्त पोस्टं बहुतांश खेड्यांत आहेत आणि त्यांतली बहुतेक शाखा डाकघरं ग्रामडाकसेवक चालवतात. त्यांचं काम पूर्णवेळ नोकरीचं मानलेलं नाही, चार किंवा पाच तासांचं असतं. मोठ्या पोस्टाकडून थैली आणणं, खिडकीचे व्यवहार, बटवडा आणि हिशेब, सगळं तेवढ्यात. म्हणून शाखा डाकघर दुपारी बंद दिसलं तर ते कामचुकारपणाचं लक्षण समजू नये; उघडण्याची वेळ विचारून त्या वेळेत जावं. १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाल्यापासून याच माणसाच्या पिशवीत मोबाइल आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र आलं. आधारशी जोडलेलं खातं कोणत्याही बँकेचं असो, त्यातले पैसे त्याच्याकडून घरात काढता येतात. निवृत्तिवेतनधारकांचा हयातीचा दाखला तो ७० रुपयांत घरी येऊन करून देतो. त्यासाठी आधार क्रमांक, निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा क्रमांक, ज्या खात्यात पेन्शन जमा होते त्याचं पासबुक आणि मोबाइल जवळ ठेवावा. केंद्र सरकारच्या निवृत्तांना दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, ऐंशी वर्षांपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. म्हाताऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र दोन-तीनदा नाकारतं. अशा वेळी चेहरा ओळखण्याची सोय आहे का ते विचारावं. महिन्याच्या शेवटच्या दिवसांत सगळ्या गावाने त्याला एकदम बोलावू नये. त्याच्या चार-पाच तासांत त्याला अजून गठ्ठाही वाटायचा असतो.

घर बदलताना जुन्या पोस्टात नव्या पत्त्याचा लेखी अर्ज द्यावा; ठरावीक काळापुरतं टपाल तिकडे वळवलं जातं, आणि तेवढ्या अवधीत बँक, आधार, विमा, आरटीओ अशा सगळ्या ठिकाणी पत्ता बदलून घ्यावा. नव्या घरी आधीच्या भाडेकरूच्या नावाची पाकिटं येत राहतील. ती रद्दीत टाकू नयेत आणि फोडूही नयेत. त्यांवर ‘सदर व्यक्ती येथे राहत नाही’ असं लिहून, नवा पत्ता ठाऊक असेल तर तोही लिहून, पोस्टमनच्या हातात द्यावीत. तो संध्याकाळच्या हिशेबात ती जमा करेल, आणि पुढच्या वेळी गठ्ठा लावताना, तो स्वतः असो की त्याच्या जागी आलेला, त्या नावाचं पाकीट आपल्या खणात न टाकता बाजूला काढलं जाईल.